वैशाली नगरातली खडूबंदी

वैशाली नगरच्या आमच्या गल्लीत आजवर एकच गुन्हेगार पकडला गेला आहे. त्याने काहीही चोरलेलं नव्हतं. त्याला तीन राक्षसांनी आणि एका लाकडी बैलाने पकडलं. त्या काळात गल्लीच्या सुरक्षा समितीचा अध्यक्ष मीच असल्यामुळे ही सगळी अटक मला फार जवळून पाहायला मिळाली. (किती जवळून, ते पुढे येईलच.)

माझी सगळी नोकरी इथे छत्तीसगढात, चरोद्याच्या रेल्वे यार्डात मालगाडीचे डबे तपासण्यात गेली. उभ्या गाडीच्या बाजूने वाकून चालत जायचं, चाकावर हातोडी मारायची, आवाज ऐकायचा, आणि जिथे काही ढिलं, तुटकं, वाकडं दिसेल तिथे खडूने खूण करून पुढे सरकायचं. अशा खूण झालेल्या डब्याला आम्ही 'सिक' म्हणतो. सिक डबा गाडीतून काढून बाजूच्या रुळावर नेतात. त्या रुळाला सिक लाइन म्हणतात, आणि दुरुस्त होऊन 'फिट' ठरल्याशिवाय डबा तिथून हलत नाही. माणसाच्या आजारपणावर साहेब लोक शंका घेतात, पण मी आजारी ठरवलेल्या डब्यावर कधी कोणी शंका घेतली नाही.

निवृत्त झाल्यावर आम्ही वैशाली नगरात घर बांधलं आणि पहिले काही महिने मी घरातल्या वस्तूंची तपासणी केली. कुकरची शिटी ढिली होती, त्यावर खूण केली. दिवाणाचा पाय लटलटत होता, त्यावर केली. पाहुणा आलेल्या साळ्याच्या सुटकेसचं चाक निखळायला आलं होतं, त्यावरही केली. तेव्हा मात्र माझी बायको कमल कडाडली, "हे घर हाय का यार्ड हाय? माह्या भावाच्या सामानाले खडू लावता!" त्या दिवसापासून ती सवय सुटली. निदान माझी तशी खात्री होती. खिशात खडू मात्र असायचा. काही लोक निवृत्तीनंतरही खिशाला पेन लावतात, तसा.

पोळ्याला थोडे दिवस राहिले असताना एका सकाळी शेजारचे वानखेडे मला हाका मारत आले. वानखेडे इथल्या स्टील प्लांटच्या सेफ्टी खात्यातून निवृत्त झालेले. सबंध हयात 'सावधान'च्या पाट्या लावण्यात गेल्यामुळे त्यांच्या फाटकावरही 'कुत्र्यापासून सावधान' अशी पाटी आहे. कुत्रा नाही.

"देवरावजी, हे पाहा! माह्या गेटवर कोणीतरी निशाण करून गेलं!"

मी चष्मा लावून वाकलो. फाटकाच्या खालच्या बिजागरीजवळ पांढरा गोल होता आणि गोलात फुली.

"हात सराईत हाय," मी म्हणालो. "रेघ पाहा, कुठी थरथरली नाई. नवशिक्याचं काम नाई हे."

"म्हणजे टोळी हाय म्हणता?"

"हाय. आणि अनुभवी हाय."

वानखेडे घाम पुसत घरात गेले आणि त्यांनी पाटीवर 'कुत्र्या'च्या आधी 'मोठ्या' असा शब्द वाढवला.

दोन-चार दिवसांत तीच खूण गल्लीतल्याच साहूंच्या नळाच्या ओट्यावर उमटली, मग किराणा दुकानाच्या शटरवर, मग कोणाच्या तरी स्कूटरच्या स्टँडजवळ. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शोध लागला की गोल म्हणजे घर आणि फुली म्हणजे घरात म्हातारे एकटे. (यावर गल्लीतले सगळे म्हातारे दुखावले गेले.) साहूबाईंनी खुणेवर कडुनिंबाची डहाळी लटकवली. पाऊस यायचा, खुणा धुतल्या जायच्या, आणि दुसऱ्या सकाळी त्याच जागी त्या पुन्हा ताज्या दिसायच्या! आता मात्र लोकांची झोप उडाली. समिती नेमायचं ठरलं. अध्यक्ष कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा मी शिटी आणि टॉर्च दोन्ही घेऊनच बसलेलो होतो, त्यामुळे फारशी चर्चा झाली नाही.

पहाटे फिरायला मी आधीपासूनच जात होतो. आता त्याला गस्त म्हणू लागलो. एकही फाटक, एकही खांब मी नजरेतून सुटू दिला नाही. यार्डात तपासायचो तसा अख्खी गल्ली वाकून तपासायचो. तरी चोर इतका हुशार, की मी जितकी कडक गस्त घालीन तितक्या खुणा जास्त! एकदा मी हौसेने दोन फेऱ्या मारल्या, तर त्या दिवशी खुणा दुप्पट झाल्या.

"तो तुमच्या मागावर असन," वानखेडे म्हणाले. "तुमी गेले की मागून येऊन करत असन."

"मलेही तसंच वाटून राहिलं," मी म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून मी दर थोड्या पावलांनी गर्रकन मागे वळून पाहू लागलो. मागे कोणी नसायचं. हाही त्याच्या हुशारीचाच पुरावा होता.

आता राक्षसांकडे येतो.

माझी नात मिनू आमच्याजवळच राहते, कारण तिचे आईबाप दोघंही ड्युटीवर. वय असं की दाताच्या जागी दात येतोय. आम्ही मूळचे नागपूरकडचे; आमच्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. त्या दिवशी पोरं चाकांवरचे लाकडी बैल सजवून दारोदार ओढत नेतात आणि घरोघरी त्यांना बोजारा मिळतो, म्हणजे खाऊ नाहीतर थोडे पैसे. मिनूकडे तिच्या बापाचा लहानपणचा बैल होता. सागवानी, जड, शिंगांना पितळी टोप्या. शाळेच्या रोबोटिक्सच्या वर्गात जायला लागल्यापासून तिने त्या बैलाचं पोट कोरून त्यात मोटर, बॅटरी आणि वायरी भरल्या, डोळ्यांत लाल दिवे बसवले, नाकाखाली सेन्सर लावला आणि रेघ संपली की वाजणारा भोंगा बसवला. काळ्या डांबरी रस्त्यावर खडूची पांढरी रेघ ओढली की हा बैल त्या रेघेवरून आपला आपण चालायचा. दोरी नको, ओढणारा नको.

"आबाजी, ये दुनिया का पहला रोबो-बैल है," ती म्हणाली. "तान्ह्या पोळ्याला सगळे बघतच राहतील!"

तिचा सगळा जीव त्या बैलात होता. शाळेतून आली की दप्तर फेकून ती त्याच्या पोटात डोकं घालायची.

खुणांची भानगड सुरू झाल्यावर मिनूने डिटेक्टिव्ह एजन्सी काढली. डिटेक्टिव्ह ओळखू येता कामा नये, आणि घरात मुखवटे होते ते मागच्या वर्षीच्या फॅन्सी ड्रेसचे, राक्षसांचे. म्हणून एजन्सीतले सगळे राक्षस. मिनू शिंगांची राक्षसीण. साहूंचा टोमन लांब जिभेचा राक्षस. तिसरा वानखेड्यांचा नातू बिट्टू, एकडोळ्या राक्षस. त्याला मुखवटा मोठा व्हायचा, तो एक डोळा त्याच्या कपाळावर यायचा आणि बिट्टू दिसेल त्या खांबाला धडकायचा. कोणी "बिट्टू, लागलं का रे?" विचारलं की आतून आवाज यायचा, "मैं बिट्टू नहीं हूँ!"

या राक्षसांनी गल्लीत सगळ्यांची चौकशी सुरू केली. आमच्या घरी कमल भेंडी चिरत बसली होती.

"आजी, तुमने किसी संदिग्ध आदमी को देखा?" शिंगवालीने विचारलं.

"पाहून राहिली ना. रोजच."

"कहाँ देखा?"

"जेवाले माह्यासमोरच बसते."

राक्षस हिरमुसले. मी कमलला समजावलं की तपासाचं काम चाललं असताना साक्षीदाराने थट्टा करू नये. तिने भेंडीचं देठ माझ्याकडे फेकलं आणि पुढची भेंडी घेतली.

मग माझी पाळी आली.

"बबा, बिहनिया आप कहाँ रहेव?" लांब जिभेच्या टोमनने विचारलं. बिहनिया म्हणजे त्यांच्या छत्तीसगढीत सकाळ, आणि बबा म्हणजे आजोबा.

"गस्तीवर."

"आपको किसने देखा?"

"मी सगळ्याईले पाहतो. मले कोण पाहणार?"

राक्षस एकमेकांकडे बघत राहिले. बिट्टू भिंतीकडे बघत होता.

आता खरं सांगायचं तर तपासात पहिला मोठा शोध मीच लावला. समितीची बैठक वानखेड्यांच्या अंगणात भरली होती. गल्लीतले सगळे हजर, मुखवट्यातले राक्षससुद्धा. मी हातात काठी घेऊन फाटकाजवळ उभा राहिलो आणि म्हणालो, "मंडळी, खूण नीट पाहा. गुडघ्याच्या वर हाय, पण कमरेच्या खाली. चांगला उंचपुरा माणूस खूण करन तं कुठी करन? छातीजवळ करन! एवढ्या खाली कोण करन? जो मुळातच बुटका हाय तो!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान लववून त्या घेतल्या. मग टाळ्या हळूहळू थांबल्या, कारण सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला वळत होत्या. त्या दिशेला रस्त्यावर खडूची लांब रेघ होती, रेघेवर रोबो-बैल होता, आणि बैलाजवळ कमरेएवढ्या उंचीचे तीन राक्षस उभे होते. मधल्याच्या हातात खडूचा डबा होता.

"बिट्टू!" वानखेडे गरजले.

"मैं बिट्टू नहीं हूँ," बिट्टू म्हणाला, पण या वेळी आवाज रडका होता.

मला माझं वाक्य मागे घ्यावंसं वाटलं. पण टाळ्या घेऊन झाल्या होत्या. अध्यक्षाने स्वतःच्या नातीला सोडलं असं म्हणायला लोक टपलेलेच असतात, आणि वानखेडे त्यात पहिले. मी घसा खाकरला आणि गल्लीत खडूबंदी जाहीर केली. सगळे खडू अध्यक्षाच्या ताब्यात. रोबो-बैल जप्त. तान्ह्या पोळ्यात त्याला प्रवेश नाही. बैल मी स्वतः उचलून घरी नेला आणि कपाटावर ठेवला. (खडू खिशात ठेवले. तिथे आधीचा एक होताच, त्याला सोबत झाली.)

संध्याकाळी मिनू मुखवटा काढून माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "आबाजी, मी नाई केलं," ती म्हणाली. एवढंच. ही पोरगी एरवी अर्ध्या वाक्यात हिंदीवर जाते. अख्खं वाक्य मराठीत बोलली की समजावं, तिला फार लागलं आहे. ती कपाटाकडे न बघता निघून गेली आणि जेवायलाही आली नाही. मला फार वाईट वाटलं. इतकं, की दुसऱ्या दिवशीची गस्त मी जरा जास्तच मन लावून घातली, खरा चोर सापडावा म्हणून. त्या दिवशी पाच नव्या खुणा निघाल्या!

त्यातली एक साहूंच्या सायकलच्या साखळीच्या झाकणावर होती. टोमनने ती पाहिली आणि राक्षसांची तातडीची बैठक झाली. मग तिघे माझ्याकडे आले. मुखवटे डोक्यावर सरकवलेले, चेहरे गंभीर.

"आबाजी, हमने एक चीज़ पकड़ी है," मिनू म्हणाली. "जिथे जिथे निशान आहे ना, तिथली चीज खराब आहे. वानखेडे आजोबांच्या गेटची बिजागरी तुटली आहे. टोमनच्या घरचा नळ टपकतो. दुकानाचं शटर अटकतं. सायकलची चेन उतरते."

"मग?"

"मग चोर कशाला खराब चीज पे निशान लगाएगा? तो चोर नाहीच आहे. तो कोणीतरी चेकिंग करणारा आहे."

मी खो खो हसलो. मला आठवतंय, हसताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "अगं येडे," मी म्हणालो, "लोकाईच्या गेटाची, नळाची फुकटात तपासणी करत फिरन, इतका रिकामटेकडा माणूस आपल्या गल्लीत हाय तरी कोण?" आणि हातात काठी घेऊन गस्तीला निघालो.

पोळ्याच्या दिवशी पुरणपोळ्या झाल्या. मी पाटावर बसलो. ताट आलं नाही.

"कमल, ताट?"

"पोराईचा बैल निंगन तेव्हा तुमचं ताट निंगन."

"अगं, समितीचा निर्णय हाय तो!"

"मंग समितीले म्हणा पुरण वाटाले," कमल म्हणाली आणि कटाच्या आमटीवर झाकण ठेवलं.

मी तसाच उठून वानखेड्यांकडे गेलो. वानखेडे माणूस वाईट नाही. त्यांनाही घरात बिट्टूचं तोंड पाहवत नव्हतं. पण सेफ्टीचा माणूस अट घातल्याशिवाय राहात नाही. ते म्हणाले, "बैल निंगू द्या. पण खडू फक्त तुमच्या हाती राहीन. रेघ तुमीच ओढाची. आणि सगळ्याईसमोर एक जरी नवीन निशाण दिसलं, तं पोट्ट्याईनंच केलं समजाचं. मंग त्या मशिनीचे नटबोल्ट वेगळे, आणि पुढच्या वर्षीपासून या तिघाईले तान्ह्या पोळ्यात उभं नाई करू. आमचा बिट्टूही त्यात आला."

मी अट मान्य केली आणि जेवलो. मिनूला सांगितलं तेव्हा ती आधी कपाटाकडे धावली, मग परत येऊन तिने मला विचारलं, "आबाजी, कोणी मुद्दाम निशान केलं तर?"

"माह्या डोळ्यांसमोर?" मी म्हणालो. "कोणाची हिंमत हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत निघाली. आमच्याकडे पोळ्याच्या पाडव्याला कागदाची, बांबूची भलीमोठी बाई करतात, तीच मारबत. तिला वाजतगाजत गल्लीबाहेर नेतात आणि लोक ओरडतात, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" ज्याला जे नकोसं असेल ते तिच्या गळ्यात घालायचं. कोणी खोकला घालतं, कोणी महागाई. मी पुढे होऊन शिटी वाजवली आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडलो, "गल्लीत खुणा करनाऱ्याले घेऊन जा गे मारबत! त्याचं काई ठेवू नको गे मारबत!"

गल्लीने जोरात साथ दिली. दारात उभी असलेली कमल तेवढी म्हणाली, "नको, आज संध्याकाळी कार्यक्रम हाय. उद्या नेलं तरी चालन." मला वाटलं, ती मारबतीबद्दल बोलतेय.

संध्याकाळी मंदिरासमोरचा रस्ता झाडून घेतला होता. परीक्षकांसमोर, नंबरासाठी, लाकडी बैलांची रांग लागली होती, झुली, घुंगरं, बेगड. मी खिशातून खडू काढून रस्त्यावर लांब पांढरी रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जराही न थरथरता. (वानखेडे म्हणालेसुद्धा, "वा! काय हात हाय तुमचा!" आणि मग कसल्याशा विचारात पडले.) मिनूने रोबो-बैल रेघेवर ठेवला. पाठीवर झूल, शिंगांना टोप्या. मागे तीन राक्षस.

बटण दाबलं. बैलाचे डोळे लाल झाले आणि तो चालू लागला. दोरी नाही, ओढणारं कोणी नाही, आणि सागवानी बैल आपला मान ताठ करून रेघेवरून चाललाय! बायका तोंडावर हात ठेवून बघत होत्या. साहूबाई "ए दाई वो!" म्हणाल्या. मिनू मुखवट्याच्या आतसुद्धा हसतेय हे मला शिंगांच्या हलण्यावरून कळत होतं.

निम्म्या वाटेवर बैल थांबला. मोटर घरघरत होती, चाक जागच्या जागी फिरत होतं, पण बैल पुढे सरकेना.

"बिगडलं वाटते," कोणीतरी म्हणालं.

"मी म्हणतच होतो," वानखेडे म्हणाले. (ते असं काहीही म्हणत नव्हते.)

मिनूने मुखवटा वर केला. ओठ घट्ट मिटलेले, डोळे भरलेले. तिने बैलाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला सहन झाली नाही. मी अध्यक्षाची खुर्ची सोडली, गर्दीतून वाट काढत गेलो आणि बैलाजवळ गुडघे टेकले. काठीने चाकावर हलकेच मारून पाहिलं. कान लावला. डाव्या बाजूला खण्ण वाजलं, उजव्या बाजूला खट्ट. उजव्या चाकाची पिन पडली होती. साधी गोष्ट! माझा जीव भांड्यात पडला. सबंध जन्मात मला इतका आनंद कुठल्या सिक डब्याने दिला नसेल.

आणि मग, ज्या हाताने यार्डात हजारो वेळा केलं होतं त्याच हाताने, मी बैलाच्या चाकाजवळ एक गोल काढला आणि गोलात फुली.

मागची बैलांची रांग जागच्या जागी थांबली. बारक्या पोरांच्या बैलांचे घुंगरूसुद्धा वाजायचे राहिले. मी मान वर केली, तर अख्खी गल्ली माझ्याकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, माझं कौशल्य पाहून मंडळी थक्क झाली आहेत. म्हणून मी समजावून सांगायला लागलो.

"घाबराचं काई कारण नाई," मी म्हणालो. "हे सिकचं निशाण हाय. कुठी काई ढिलं दिसलं, तुटकं दिसलं, की आमी वाकून अशी खूण करतो. खूण नेहमी खालीच करतो, चाकाजवळ, कारण बिघाड तिथीच राहते. पाण्याने पुसली तं पुन्हा करतो. सवयच राहते ती, हाताले सांगा लागत नाई!"

मागच्या लोकांनी टाचा उंचावल्या. माझ्या बोलण्याला आणखी जोर आला.

"आणि असा डबा मंग मेन लाइनवरून बाजूले काढतो, असा," म्हणत मी खडूने मुख्य रेघेला जोडून दुसरी रेघ काढली, वळवत वळवत माझ्या गुडघ्यापर्यंत आणली. "ही झाली सिक लाइन. समजलं?"

"समजलं," वानखेडे हळूच म्हणाले. "आता सगळं समजलं."

कमलने बांगडीतली सेफ्टी पिन काढून माझ्या हातात ठेवली. मी ती चाकाच्या भोकात घालून दुमडली. बैलाने एक झटका घेतला आणि चालू लागला. पण सरळ गेला नाही. माझ्या नव्या रेघेपाशी आला, सेन्सर हलला, बैल वळला, सिक लाइनवर लागला आणि लाल डोळे मिचकावत थेट माझ्या गुडघ्यावर येऊन शिंगांनी धडकला. मग पोटातला भोंगा वाजला: पीं, पीं, पीं!

"चोर तो बबा हर ए!" टोमन किंचाळला.

"आबाजी! वो आप ही थे!" मिनू म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती आनंदाने उड्या मारत होती.

"मैं बिट्टू हूँ! मैंने पकड़ा!" असं ओरडत बिट्टू मुखवट्यासकट आला आणि पहिल्यांदाच खांबाऐवजी योग्य माणसाला धडकला.

मी हातातल्या खडूकडे पाहिलं. मग चाकाजवळच्या खुणेकडे. मग वानखेड्यांच्या फाटकाच्या दिशेने. मला वानखेड्यांची बिजागरी आठवली. ती तुटकी आहे हे मला कधीपासून माहीत होतं! कसं माहीत होतं, हा विचार मी कधी केला नव्हता.

अटक झाली. राक्षसांनी बैलाची दोरी (जी या वर्षी लागणारच नव्हती) माझ्या मनगटाला बांधली आणि खूण असलेल्या प्रत्येक दारी मला नेलं. बैल पुढे, मी मागे. प्रत्येक घरी पोरांना बोजारा मिळाला आणि मला पाना. निकाल एजन्सीनेच दिला: जो सिक करेल त्यानेच फिट करायचं. पुढचे कित्येक दिवस मी गल्लीतल्या बिजागऱ्या, नळ आणि साखळ्या दुरुस्त करत होतो. वानखेडे बाजूला उभं राहून 'काम चालू आहे, सावधान' अशी पाटी धरायचे. रोबो-बैलाला मात्र नंबर मिळाला नाही. परीक्षक म्हणाले, बैल रेघ सोडून गेला. मिनूला त्याचं काही वाटलं नाही. ती म्हणाली, रेघ सोडून नाही गेला, बरोबर रेघेवर गेला.

अटक झाली त्याच रात्री जेवताना मी कमलला विचारलं, "तुले कधी समजलं?"

"पहिल्याच दिवशी. वानखेड्याईच्या गेटवरचा गोल आणि माह्या कुकरवरचा गोल एकच होता."

"मंग सांगतलं कावून नाई?"

तिने माझ्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली. "कसं सांगू? अध्यक्ष झाले तेव्हापासून तुमी सकाळ-संध्याकाळ घराबाहेर राहून राहिले होते. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मले स्वयंपाकघरात कोणी 'हे झाकण असं कावून ठेवलं' म्हटलं नव्हतं. मी कायले आपल्या हातानं ते बंद करू?"

मी पोळी खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघालो, खिसा रिकामा, मन स्वच्छ. समोरून येणारे लोक नमस्कार करायचे, पुढे गेले की हसायचे. दुकानदार हसला, साहूबाई पदर तोंडाला लावून हसल्या, बिट्टू तर हसता हसता खांबाला धडकला, आणि त्याने मुखवटाही घातलेला नव्हता. कालची गोष्ट अजून ताजी असेल, असं समजून मी तसाच फिरून घरी आलो आणि सदरा काढला.

सदऱ्याच्या पाठीवर पांढरा गोल होता आणि गोलात फुली. रेघ जराशी थरथरलेली. नवशिक्याचं काम.

"कमल! हे काय हाय?"

"सिक केलं," ती आतून म्हणाली. "पण दुरुस्तीले पाठवाव कुठी, हे काई समजून नाई राहिलं."

मी पाना शोधला. तो वानखेड्यांकडे राहिला होता. म्हणून दिवाणावर जाऊन बसलो. दिवाणाचा पाय अजून लटलटत होता, आणि त्याच्यावरची माझी खूणही अजून तिथेच होती. फिट होईपर्यंत आम्हा दोघांनाही तिथून हलता येणार नव्हतं.